लॉनच्या धंद्यात ग्राहक वाढवण्याआधी रस्ता कमी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कमी भांडवलात सुरू होणाऱ्या व्यवसायांची यादी कुठेही छापून आली की तिच्यात लॉनची निगा हमखास असते. एक मूव्हर (गवत कापायचे यंत्र), एक ट्रिमर (फिरत्या नायलॉन दोरीने कडा छाटणारे यंत्र), सामान न्यायला गाडी आणि ओळखीतली चार घरे एवढ्यावर सुरुवात होते हे खरे आहे. पुढे काय होते ते मात्र या याद्यांत नसते. ग्राहक मिळत नाहीत म्हणून हा धंदा सहसा बसत नाही. ग्राहक पुरेसे असतात, दिवस भरलेला असतो, रात्री पाठ धरलेली असते आणि तरी हिशेबाला बसले की हाती काही उरलेले नसते. मग आणखी ग्राहक शोधले जातात, मिळतील तिथले घेतले जातात आणि पाय आणखी गाळात जातो.

या धंद्याचा हिशेब पैशांत मांडण्याआधी मिनिटांत मांडावा. आठ तासांचा दिवस म्हणजे ४८० मिनिटे. साधारण ३०० चौरस मीटर लॉनला कापणी, कडा आणि झाडलोट मिळून एका माणसाला २५ मिनिटे लागतात असे धरू. यंत्र गाडीतून उतरवणे आणि परत चढवणे यात ६ मिनिटे जातात. एका घरापासून पुढच्या घरापर्यंत सरासरी १५ मिनिटांचा रस्ता असेल, तर घरामागे ४६ मिनिटे होतात आणि दिवसात दहा घरे उरकतात. तोच रस्ता ४ मिनिटांवर आला तर घरामागे ३५ मिनिटे लागतात आणि तेरा घरे होतात. यंत्र तेच, माणूस तोच, गाडीचे इंधन उलट कमी.

आता मदतनीस ठेवला तर काय होते ते पाहा. दोघे मिळून तेच लॉन साडेबारा मिनिटांत उरकत नाहीत, कारण लहान जागेत एकाचे काम संपेपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागते; १४ मिनिटे धरा. चढ-उतार ४ मिनिटे. पांगलेल्या घरांत १५ मिनिटांचा रस्ता मिळवला की घरामागे ३३ मिनिटे, म्हणजे दिवसाची चौदा घरे. दाट वस्तीत ४ मिनिटांचा रस्ता मिळवला तर घरामागे २२ मिनिटे, म्हणजे एकवीस घरे. दुसऱ्या माणसाची मजुरी दोन्हीकडे सारखीच द्यायची. पांगलेल्या फेरीत तो चार घरे वाढवून देतो, दाट फेरीत आठ. गाडी रस्त्यावर असताना दोघांचीही मजुरी चालू असते, हे पहिला मदतनीस ठेवताना फार कमी जणांच्या लक्षात येते. म्हणून आधी फेरी दाट करायची आणि मग माणूस ठेवायचा. हा क्रम उलटला की धंदा मोठा दिसू लागतो आणि मालक बारीक.

फेरी दाट करायला जाहिरातीपेक्षा पायपीट उपयोगी पडते. ज्या घराचे लॉन आज कापले त्याच्या दोन्ही बाजूंची आणि समोरची पाच-सहा घरे त्याच दिवशी गाठावीत. ताजे कापलेले लॉन शेजारी दिसत असताना बोलणे सोपे जाते. वार घराप्रमाणे न ठरवता भागाप्रमाणे ठरवावा. सोमवारी हा भाग, मंगळवारी तो. ग्राहकाला शनिवारच हवा असेल आणि आपण त्या भागात बुधवारी जात असू, तर बुधवारचा एक दर आणि शनिवारचा दुसरा, जास्त, असे स्पष्ट सांगावे. त्याच गल्लीत दुसरे घर मिळत असेल तर सूट द्यायला हरकत नाही. ती वाचलेल्या अकरा मिनिटांतून निघते. एकट्या-दुकट्या लांबच्या घराला मात्र सूट देणे म्हणजे रस्त्याला मजुरी देणे. वर्षातून एकदा ग्राहकांची यादी नकाशावर टिंबांनी मांडावी. जे टिंब एकटे पडले असेल त्याचा दर रस्त्याच्या हिशेबाने वाढवावा किंवा ते घर सोडावे. सोडवत नाही, हे समजण्यासारखे आहे, कारण बहुधा तेच सर्वात जुने ग्राहक असतात.

दर सांगताना डोळ्यांचा अंदाज धोका देतो. घराच्या पुढचा भाग पाहून आकडा सांगितला जातो आणि मागे उतार, झोका, झाडांची तीन आळी आणि अरुंद फाटक निघते. चाकाचे मोजमाप-यंत्र किंवा लांब टेप घेऊन एकदाच नीट मोजावे. घर, फरसबंदी आणि फुलांचे वाफे वजा करून गवताचे क्षेत्र चौरस मीटरमध्ये, कडांची लांबी मीटरमध्ये, झाडे आणि खांब किती, फाटक किती रुंद, नळ कुठे, गवत कोणते आणि कापणीची उंची किती, एवढे प्रत्येक घराच्या कार्डावर असले पाहिजे. क्षेत्रावरून वेळ काढणे अवघड नाही. ५३ सेंटिमीटर पात्याचा मूव्हर असेल आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर ५ सेंटिमीटर चढवला, तर खरी रुंदी ४८ सेंटिमीटर उरते. ताशी ४ किलोमीटर चालीने कागदावर तासाला १,९२० चौरस मीटर होतात. वळणे, अडथळे, पिशवी रिकामी करणे यात तिसरा हिस्सा सहज जातो, म्हणून १,२०० च्या आसपास धरावे. ३०० चौरस मीटरला कापणीची १५ मिनिटे झाली. उरलेली दहा मिनिटे कडांची आणि झाडलोटीची. ज्या घरात गवत कमी आणि कडा जास्त आहेत तिथे क्षेत्रावरून दर लावणारा फसतो.

कापलेले गवत पिशवीत भरून न्यायचे की तिथेच पडू द्यायचे, हाही मिनिटांचाच प्रश्न आहे. बारीक कापलेले गवत लॉनवर राहिले तर ते कुजून नत्र परत देते; वर्षभराच्या गरजेच्या पाव हिश्श्यापर्यंत. त्याने मुळांशी गादीसारखा थर साचतो हा समज चुकीचा आहे. तो थर गवताच्या पात्यांचा नसून खोड, धुमारे आणि मुळे यांचा असतो. ज्यांना पिशवी हवीच आहे त्यांना जरूर द्यावी, पण तो वेगळा दर.

खर्चाचा भागाकार करताना लोक दिवसाच्या आठ तासांनी भागतात. भागायला हवे ते गवतावर घालवलेल्या मिनिटांनी. तेरा घरांच्या दिवसात ती ३२५ असतात, दहा घरांच्या दिवसात २५०. मजुरी, इंधन, विमा, नायलॉन दोरी, पाती, दुरुस्ती, दर सांगायला गेलेल्या फेऱ्या, वसुलीचे फोन, पावसाने बुडालेले दिवस आणि यंत्राचा घसारा, हे सगळे त्या ३२५ मिनिटांतूनच वसूल व्हायचे असते. घसारा वर्षांत मोजू नये, तासांत मोजावा. घरगुती मूव्हर आठवड्याला तासभर चालेल अशा हिशेबाने बनवलेला असतो. रोज पाच तास चालवला तर महिन्यात सव्वाशे तास होतात, म्हणजे घरमालकाकडची दोन वर्षे एका महिन्यात संपतात. यंत्रावर तासांचे मीटर लावून घ्यावे. स्वस्त असते आणि सगळी निगा त्यावरच बेतता येते. चार-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल नव्या यंत्रात पहिल्या पाच तासांनी आणि नंतर दर ५० तासांनी बदलतात. रोज पाच तास चालणाऱ्या यंत्राला हे दर दहाव्या दिवशी येते. एअर फिल्टर २५ तासांनी, धुळीत त्याआधीच साफ करायचा. पेट्रोल महिन्याहून जुने वापरू नये. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पाणी ओढते आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये डिंकासारखा थर धरते. यंत्र सुरू होते, दोन मिनिटे अडखळत चालते आणि बंद पडते, हे त्याचे ठरलेले लक्षण. हंगाम संपला की टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू द्यावे.

पात्याच्या धारेबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण लॉन चांगले दिसणे-न दिसणे बहुतांशी तिच्यावर ठरते. फिरत्या पात्याचा मूव्हर गवत कापतो तो निव्वळ वेगाने. खाली टेकू देणारे दुसरे पाते नसते. (१८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग याने पेटंट घेतलेले पहिले गवत कापण्याचे यंत्र वेगळ्या जातीचे होते. लोकरी कापडावरची लव छाटणाऱ्या यंत्रावरून त्याला ते सुचले होते आणि त्यात कात्रीसारखी दोन धारांमध्ये कापणी होई. अगदी बुटक्या, गालिच्यासारख्या लॉनला आजही तीच रीळ पद्धत लागते.) फिरत्या पात्याची धार गेली की ते गवत कापत नाही, फाडते. दुसऱ्या दिवशी खाली बसून गवताची चार पाती हातात धरून पाहा. धारदार पात्याने कापलेले टोक सरळ आणि हिरवे असते. बोथट पात्याखालून गेलेल्या टोकाला पांढरट धागे लोंबत असतात आणि दोन दिवसांत ते तपकिरी पडतात. लांबून पाहणाऱ्याला सगळे लॉन राखाडी, तहानलेले वाटते. ग्राहक पाणी वाढवतो, फाटक्या टोकांतून आधीच शिरू पाहणाऱ्या बुरशीला ते फावते आणि बोल येतो कापणाऱ्यावर.

रोज वापरात असलेल्या पात्याला आठ-दहा तासांनी धार लागते, म्हणजे एक दिवसाआड. त्यासाठी दोन-तीन पाती तयार ठेवून गाडीतच बदलावीत. आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधावी. मूव्हर आडवा करताना एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर वरच्या बाजूला राहिला पाहिजे; उलट केले तर ऑइल फिल्टरमध्ये उतरते आणि नंतर पांढऱ्या धुराने गल्ली भरते. पाते शिकंजात पकडून मूळचा कोन, सहसा ३० ते ४५ अंश, तसाच ठेवून कानस एकाच दिशेने चालवावी. वस्तऱ्यासारखी धार आणू नये. अर्ध्या मिलिमीटरची कड राहू द्यावी, नाहीतर पहिल्याच खड्याला ती दुमडते. ग्राइंडर वापरलाच तर हात हलका ठेवून मधूनमधून पाण्यात बुडवावे. कड निळी पडली की पात्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले. मग ती धार तासभरही टिकत नाही. शेवटी भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकातून पाते आडवे टांगावे. जी बाजू खाली जाते ती जड. तिच्या धारेच्या मागचा भाग थोडा घासून पाते आडवे स्थिर राहीपर्यंत पुन्हा पाहावे. तोल नसलेले पाते यंत्राला थरथर आणते, त्याने हँडलचे बोल्ट सैल होतात आणि कालांतराने इंजिनाच्या शाफ्टचे बेअरिंग जाते. चीर गेलेले किंवा वाकलेले पाते ठोकून सरळ करून वापरू नये, फेकून द्यावे.

कापणीची उंची गवतावर अवलंबून असते. हरळीच्या संकरित जाती २ ते ४ सेंटिमीटरवर छान राहतात, तर थंड हवेतल्या उंच फेस्क्यूला ६ ते ९ सेंटिमीटर लागतात आणि रुंद पानांच्या सेंट ऑगस्टीनलाही तितकेच किंवा जास्त. जात कोणतीही असो, एका वेळी गवताच्या उंचीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग काढू नये. त्याहून जास्त काढला की मुळांची वाढ थांबते आणि उघड्या पडलेल्या तपकिरी खोडांवर ऊन लागते. हा नियम मोडतो तो पहिल्याच भेटीत. गवत १५ सेंटिमीटर वाढलेले, ग्राहकाला संध्याकाळी पाहुण्यांआधी ५ सेंटिमीटरचा गालिचा हवा. अशा वेळी १५ वरून १०, तीन-चार दिवसांनी साडेसहा आणि पुन्हा तितक्याच दिवसांनी ५, अशा तीन कापण्या सांगाव्यात आणि तिन्हींचा दर आधीच लिहून द्यावा. एकाच फेरीत उरकून दिलेले लॉन आठवडाभर वाळलेले दिसते आणि तक्रारीची फेरी फुकट घालावी लागते. तक्रारीच्या फेरीचा खर्च कोणी मांडत नाही, पण पांगलेल्या फेरीत जाण्या-येण्याची ३० मिनिटे आणि त्यावर काम, म्हणजे एक पूर्ण घर गेले.

याच कारणाने पंधरवड्याने एकदा कापायचे ग्राहक वाढीच्या दिवसांत परवडत नाहीत. दुप्पट दिवसांनी गेले की काम तेवढेच राहत नाही, बरेच वाढते: गवत डेकमध्ये (पात्यावरच्या झाकणात) अडकते, दोन वेळा फिरवावे लागते, ढीग उचलावे लागतात. ज्यांना पंधरवडाच हवा त्यांचा दर एका कापणीला दीडपटीहून कमी ठेवू नये.

ओल्या गवतावर यंत्र घालणे शक्य तितके टाळावे. चाकांचे चर उठतात, गवताचे गोळे पडून खालची हिरवळ पिवळी होते आणि रोग एका लॉनमधून दुसऱ्यात पात्यावर बसून जातो. संततधार लागून इलाजच नसेल तर उंची एक खाच वाढवून, अर्ध्या रुंदीचे पट्टे घेऊन कापावे आणि प्रत्येक घरानंतर डेक खरवडावा. डेक खरवडायला दोन मिनिटे लागतात. एकीकडच्या तणाचे बी दुसरीकडे पेरून आल्यावर जी बोलणी बसतात त्यापेक्षा ही दोन मिनिटे स्वस्त. दर खेपेला कापणीची दिशाही बदलावी, नाहीतर गवत एका बाजूला निजते.

फेरी दाट झाली की पुढची वाढ त्याच दारात शोधावी. तिथे गाडी उभी असते, रस्त्याची मिनिटे आधीच मोजून झालेली असतात. खत हे त्यातले पहिले काम. एका वेळी चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र ही कमाल मर्यादा धरावी आणि ते सगळे झटपट विरघळणाऱ्या युरियातून द्यायचे असेल तर निम्म्यावर, अडीच ग्रॅमवर थांबावे. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणून ३०० चौरस मीटरला ७५० ग्रॅम नत्रासाठी १ किलो ६३० ग्रॅम युरिया लागतो. तो दोन समान भागांत वाटून एक भाग उभा आणि एक आडवा पसरावा. एकाच दिशेने पसरला की आठवड्याने गडद-फिकट पट्टे उमटतात, आणि हे पट्टे महिनाभर सगळ्या गल्लीला दिसत राहतात. पाने कोरडी असताना पसरावे आणि लगेच पाणी द्यावे. ओल्या पानाला चिकटलेला दाणा पान जाळतो. स्प्रेडर (खत पसरायचे यंत्र) लॉनवर उभा करून भरू नये. सांडलेल्या जागी टक्कल पडते. इंधनाचेही तसेच, ते फरसबंदीवर आणि इंजिन गार झाल्यावरच भरावे.

तणनाशकाचे काम घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. अनेक देशांत दुसऱ्याच्या जागेत पैसे घेऊन औषध फवारायला वेगळा परवाना लागतो. तो नसेल तर हे काम घेऊच नये. दुसरे, बाटलीवरचे प्रमाण क्षेत्राला असते, पंपाला नसते. पंपात साधे पाणी भरून १० बाय ५ मीटरच्या आखलेल्या पट्ट्यावर नेहमीच्या चालीने फवारावे आणि किती पाणी संपले ते मोजावे. दोन लिटर संपले तर १०० चौरस मीटरला चार लिटर होतात आणि १६ लिटरच्या पंपात ४०० चौरस मीटर बसतात. तेवढ्या क्षेत्राचे औषध त्या पंपात घालायचे. हे मोजमाप माणसागणिक वेगळे येते, कारण प्रत्येकाची चाल वेगळी. रुंद पानांच्या तणांवरचे २,४-डी वाऱ्याने उडून शेजारच्या गुलाबावर, टोमॅटोवर किंवा द्राक्षवेलीवर गेले की पाने पिळवटतात, म्हणून वारा असेल तर काम पुढे ढकलावे आणि त्या औषधाचा पंप दुसऱ्या कशालाही वापरू नये. लव्हाळ्यावर ते नीट चालत नाही. उपटला तर जमिनीतल्या गाठी राहतात आणि पुन्हा फुटतात. त्यासाठी हॅलोसल्फ्युरॉनसारखे वेगळे औषध लागते, तेही एका फवारणीत आटोपत नाही. हे आधी सांगितले नाही तर ग्राहक दुसऱ्या फवारणीला पैसे देत नाही.

घट्ट झालेल्या जमिनीत भोके पाडून मातीचे गाभे काढणे हे आणखी एक चांगले काम. गाभा ५ ते ८ सेंटिमीटर खोल निघाला पाहिजे. निव्वळ खिळे रोवणारी यंत्रे माती बाहेर काढत नाहीत, बाजूला दाबतात. जमीन ओलसर आणि गवत जोमात वाढत असताना हे करावे, आधी स्प्रिंक्लर आणि वायर कुठून गेल्या आहेत त्या जागी झेंड्या लावाव्यात. वरून माती-वाळूचा हात द्यायचा तर ५ मिलिमीटर थराला १०० चौरस मीटरमागे अर्धा घनमीटर माल लागतो. कोरडी वाळू असली तरी वजन पाऊण टनाच्या वर जाते. घमेल्याने तो वाहून न्यायला फाटकापासूनचे अंतर किती, हे दर सांगण्याआधी पाहावे. माल पसरून झाल्यावर गवताची टोके वर दिसली पाहिजेत.

पाण्याविषयी सल्ला फुकट द्यावा, त्याने तक्रारी कमी होतात. पावसासह आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी बहुतेक लॉनना पुरते. १०० चौरस मीटरला ते अडीच हजार लिटर होते. स्प्रिंक्लरखाली सरळ बाजूंचे सात-आठ डबे ठेवून पंधरा मिनिटांत किती मिलिमीटर पडले ते मोजून दाखवले की ग्राहकाला स्वतःलाच कळते की एका कोपऱ्यात तिप्पट पडते आहे. चाललेल्या पावलांचे ठसे उठून न येता तसेच राहिले आणि रंग निळसर राखाडी झाला, की पाण्याची वेळ झाली.

करार लेखी असावा, एका पानाचा पुरतो. वर्षाच्या कापण्या मोजून रक्कम बारा समान हप्त्यांत घेतली तर मंदीच्या महिन्यांत यंत्राची दुरुस्ती आणि मजुरी अडत नाही. पण मग जोमाच्या महिन्यांतच करार मोडणारा ग्राहक झालेल्या कापण्यांचा फरक देणे लागतो, हे वाक्य करारात हवे. हप्ता महिन्याच्या सुरुवातीला. दोन हप्ते थकले की कापणी थांबेल हेही लिहावे, आणि थांबवावी. पाऊस पडल्यास कोणता दिवस, कुत्रा बांधून ठेवायची जबाबदारी कोणाची, अंगणातली खेळणी आणि पाइप कोण उचलणार, अशा बारीक गोष्टींवरूनच खटके उडतात.

मदतनिसाच्या हाती पहिल्याच दिवशी मूव्हर देऊ नये. आधी लॉनभोवती फेरी मारून दगड, तारा, हाडे उचलायला शिकवावे. पात्याखालून सुटलेला खडा खिडकीची काच फोडतो आणि डोळा असेल तर डोळाही. ढकलायचा मूव्हर उतारावर आडवा चालवायचा, बसून चालवायचा मूव्हर वर-खाली. ट्रिमरची ढाल काढून लांब दोरी सोडायची खोड लवकर मोडावी. इंजिनाचे फेरे उतरतात, क्लच तापतो आणि खडे पायांवर येतात. दोन-स्ट्रोक ट्रिमरला ५०:१ म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर ऑइल. प्रत्येक डब्यावर मिश्रणाचे प्रमाण आणि तारीख लिहावी, कारण साधे पेट्रोल गेले तर पिस्टन घासून इंजिन जागीच बसते. झाडाच्या बुंध्याशी दोरी लावू नये. साल भोवतीने कापली गेली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि तरुण झाड पुढच्या एक-दोन वर्षांत वाळते. बुंध्याभोवती हातभर रुंद पालापाचोळ्याचे आळे केले की प्रश्नच मिटतो. कानांना संरक्षण रोज हवे. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानली जाते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९१ डेसिबलच्या यंत्राला दोनच तास.

दुसरा मूव्हर माणसाच्या आधी घ्यावा, पर्यायी म्हणून. एकच यंत्र असताना ते मंगळवारी बिघडले तर उरलेला आठवडा गडगडतो आणि गवत दुरुस्तीची वाट पाहत नाही. रुंद डेकच्या मोठ्या यंत्राचा मोह मात्र आवरावा. ९१ सेंटिमीटरचा डेक कागदावर कामाचा वेग पाऊण पटीने वाढवतो, पण तो फाटकातून आत गेला तर. कार्डांवर फाटकाची रुंदी लिहिलेली असेल तर ती चाळून पाहावी: मीटरभर मोकळी जागा असलेली घरे किती, ती एकाच भागात आहेत की चारी दिशांना, आणि त्यांतली किती लॉन ५०० चौरस मीटरच्या वर आहेत. एका दिवसाची फेरी भरेल इतकी घरे त्या चाळणीतून उरली नाहीत, तर ते यंत्र बहुतेक वेळ गाडीतच उभे राहील आणि ते ओढायला मोठी गाडी लागेल ती वेगळीच.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक